न वाचलेली प्रत : जुन्या चित्रकथांचा लिलाव आणि वाचनाचा इतिहास

१ मार्च १९३८ ही तारीख असलेला ४१२ डॉलरचा एक धनादेश आहे. न्यूयॉर्कच्या एका प्रकाशनसंस्थेने तो जेरी सीगल आणि जो शूस्टर या क्लीव्हलंडच्या दोन तरुणांच्या नावे काढला. त्यावर चार रकमांचा तपशील आहे. तीन रकमा नेहमीच्या कामाच्या आहेत : एक २१० डॉलरची आणि दोन ३६ डॉलरच्या. चौथी १३० डॉलरची रक्कम 'सुपरमॅन'ची. तेरा पानांची गोष्ट, पानाला दहा डॉलर, आणि याच मोबदल्यात त्या पात्रावरचे सर्व हक्क. दोघांचीही नावे धनादेशावर चुकीची लिहिली गेली होती. म्हणून पाठीमागे त्यांना चुकलेल्या आणि खऱ्या अशा दोन्ही नावांनी सह्या कराव्या लागल्या. एप्रिल २०१२मध्ये हा वटवलेला धनादेश इंटरनेटवरील एका लिलावात १,६०,००० डॉलरला विकला गेला.

साहित्यकृतीचे मोल आणि ती ज्या वस्तूच्या रूपाने वाचकाच्या हाती येते त्या वस्तूचे मोल या दोन गोष्टी समीक्षा सहसा वेगळ्या ठेवते. संहिता हा समीक्षेचा विषय. कागद, बांधणी, प्रत, किंमत ही ग्रंथपालाची किंवा विक्रेत्याची बाब. ही वाटणी सोयीची आहे, पण लोकप्रिय साहित्याच्या इतिहासात ती फार काळ टिकत नाही. अमेरिकी चित्रकथांच्या बाबतीत तर ती उलटीपालटी झालेली दिसते. तेथे संहिता कोणालाही, कधीही, पुनर्मुद्रणात अल्प किमतीत मिळते. मूळ प्रत मात्र लाखो डॉलरला विकली जाते, आणि विकत घेणारा ती वाचत नाही. तो ती वाचू शकतच नाही, हे पुढे दिसेलच.

'अ‍ॅक्शन कॉमिक्स'चा पहिला अंक जून १९३८चा. किंमत दहा सेंट, प्रती सुमारे दोन लाख. आज त्यांपैकी शंभराच्या आसपास उरल्या असाव्यात असा जाणकारांचा अंदाज आहे. एवढी मोठी छपाई असलेली वस्तू दुर्मीळ कशी झाली, याचे उत्तर प्रामुख्याने कागदात आणि वापरात आहे. वर्तमानपत्री कागद लाकडाच्या लगद्याचा. त्यातील लिग्निन हवेने आणि उजेडाने पिवळे पडते, आम्ल वाढते, पान कडक होऊन तुटते. मधोमध मारलेल्या दोन तारांच्या टाचण्या गंजतात. शिवाय अंक हातोहात फिरत; खिशात गुंडाळून ठेवले जात, अदलाबदल होत, अंथरुणात वाचले जात. वाचणे म्हणजेच झिजवणे होते. त्यानंतर युद्ध आले. १९४२नंतर अमेरिकेत घरोघर रद्दी गोळा करण्याच्या मोहिमा निघाल्या आणि मुलांनी देशासाठी आपले गठ्ठे मोठ्या उत्साहाने देऊन टाकले.

उरलेले काम नीतिरक्षकांनी केले. ऑक्टोबर १९४८मध्ये वेस्ट व्हर्जिनिया राज्यातील स्पेन्सर या गावी शाळेच्या आवारात मुलांकडून सुमारे दोन हजार चित्रकथा जाळण्यात आल्या. त्याच वर्षी न्यूयॉर्क राज्यातील बिंगहॅम्टन येथेही होळी झाली. फ्रेड्रिक वर्थम या मानसोपचारतज्ज्ञाचे 'सिडक्शन ऑफ द इनोसंट' १९५४ साली आले. बालगुन्हेगारीची चौकशी करणाऱ्या सेनेटच्या उपसमितीपुढे त्याच वर्षी साक्षी झाल्या, आणि प्रकाशकांनी स्वतःहून आचारसंहिता पत्करली. नाझी पुस्तकहोळीला जेमतेम पंधरा वर्षे लोटली असताना एका लोकशाही देशात पुस्तके जाळली गेली, आणि साहित्यसंस्कृतीच्या रक्षकांपैकी फार थोड्यांना त्यात काही वावगे वाटले. चित्रकथा हे पुस्तक आहे, हेच मुळात मान्य नव्हते.

जाळलेल्या, झिजलेल्या, रद्दीत गेलेल्या अंकांच्या जागी जी पोकळी उरली तिच्यातून संग्राहक निर्माण झाला. १९६१मध्ये जेरी बेल्स यांनी काढलेले 'अल्टर-ईगो' हे हौशी नियतकालिक, १९६४मधील न्यूयॉर्कचे पहिले छोटे संमेलन, टपालाने देवघेव करणाऱ्यांच्या याद्या, या साऱ्यांतून बालपण हरवलेल्या प्रौढांचा एक समूह आकाराला आला. १९७०मध्ये रॉबर्ट ओव्हरस्ट्रीट यांनी दरपत्रकाचे पहिले पुस्तक छापले. ते स्वतः नाण्यांचे संग्राहक होते, आणि अंकाची अवस्था सांगणारी परिभाषाही नाण्यांच्या व्यवहारातूनच चित्रकथांकडे आली होती. उत्तम अवस्थेतील अंकाला 'मिंट', म्हणजे टांकसाळीतून नुकताच बाहेर पडलेला, म्हणायचे. हे रूपक सहज उचललेले असले तरी त्याचे परिणाम दूरवर गेले. नाणे टांकसाळीतून बाहेर पडते ते चलनात फिरण्यासाठी. न फिरलेले नाणे म्हणजे नाणेपणाचे काम न केलेले नाणे. त्याच न्यायाने आदर्श अंक ठरला तो कोणीच न वाचलेला.

१९७७ साली कोलोरॅडोमध्ये सापडलेला एडगर चर्च यांचा संग्रह या आदर्शाला पुरावा म्हणून हाती आला. चर्च हे जाहिरातींची चित्रे काढणारे व्यावसायिक चित्रकार. छापील चित्रांचे संदर्भसाहित्य म्हणून ते वर्षानुवर्षे मासिके आणि चित्रकथा विकत घेऊन घरात रचून ठेवत. कोरड्या हवेत, एकमेकांच्या भाराखाली दबून राहिलेले ते हजारो अंक पांढऱ्याशुभ्र पानांसह बाहेर आले. त्या संग्रहातील अंक आजही 'माइल हाय' या नावाने ओळखले जातात आणि त्यांना अधिक भाव येतो. जणू घराण्याचे नाव लागलेले घोडे. विशेष म्हणजे चर्च हे संग्राहक नव्हतेच. ते चित्रांचा उपयोग करण्यासाठी अंक घेत होते.

यानंतरची पायरी प्रतिष्ठेची. डिसेंबर १९९१मध्ये सदबीजसारख्या कलावस्तूंच्या लिलावगृहाने न्यूयॉर्कला चित्रकथांचा पहिला लिलाव केला. पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर १९९२मध्ये, 'सुपरमॅन'चा पंच्याहत्तरावा अंक नायकाच्या मृत्यूची कथा घेऊन काळ्या प्लॅस्टिकच्या बंद पिशवीत विक्रीला आला. लाखो प्रती खपल्या. अनेकांनी दोन घेतल्या, एक उघडण्यासाठी आणि एक न उघडण्यासाठी. पुढे या अंकाला मोल येईल असे प्रत्येकाला वाटत होते, आणि प्रत्येकाला वाटत होते म्हणूनच ते येणे शक्य नव्हते. ज्या वस्तू कोणी जपल्या नाहीत त्या दुर्मीळ होतात. जी सर्वांनी जपली ती कधीच होत नाही. फुगा फुटला, दुकाने बंद पडली, आणि डिसेंबर १९९६मध्ये मार्व्हल कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला.

याच पडत्या काळात इंटरनेटवरचा लिलाव आला. पिएर ओमिद्यार यांनी सप्टेंबर १९९५मध्ये 'ऑक्शनवेब' सुरू केले, तेच पुढे 'ईबे' झाले. तोपर्यंत जुना अंक हवा असलेल्याला दुकान, संमेलन किंवा टपालयादी हे तीनच मार्ग होते, आणि प्रत्येक ठिकाणी किंमत विक्रेता सांगे. आता एखाद्या गावातील माळ्यावरची पेटी आणि दुसऱ्या खंडातील गिऱ्हाईक एकाच पडद्यावर समोरासमोर आले. त्याचा पहिला परिणाम अनपेक्षित होता. जे अंक दुर्मीळ समजले जात त्यांपैकी कितीतरी मुळीच दुर्मीळ नाहीत, ते फक्त विखुरलेले होते, हे उघड झाले आणि त्यांचे भाव घसरले. जे खरोखरच थोडे होते त्यांचे भाव मात्र वर गेले. दरपत्रकातील मध्यम दराचा काळ संपला.

या लिलावाची रीतही लक्षात घेण्याजोगी आहे. मंडपातल्या लिलावात हातोडा पडेपर्यंत बोली चालते. शेवटचा माणूस थकला की लिलाव संपतो. ईबेच्या रीतीत लिलाव ठरलेल्या क्षणी संपतो. बोली लावणारा आपली कमाल रक्कम गुप्तपणे नोंदवतो, यंत्र त्याच्या वतीने गरजेपुरतीच बोली वाढवते, आणि जिंकणाऱ्याला दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीहून किंचित अधिक द्यावे लागते. विल्यम विक्री यांनी १९६१मध्ये मांडलेल्या सिद्धान्तानुसार अशा लिलावात आपल्याला वस्तूचे जे मोल वाटते तेच नोंदवावे, यातच शहाणपण. प्रत्यक्षात माणसे तसे करीत नाहीत. ती शेवटच्या काही सेकंदांपर्यंत दबा धरून बसतात. अ‍ॅमेझॉनच्या त्या काळच्या लिलावांत अखेरच्या क्षणी बोली आली की मुदत दहा मिनिटांनी वाढे. तेथे ही दबा धरण्याची वृत्ती कमी आढळते, असे ॲल्विन रॉथ आणि अ‍ॅक्सेल ओकेनफेल्स यांनी २००२मध्ये दाखवून दिले. याचा अर्थ असा की मोल हे मनात आधीच सिद्ध असलेले काही नसते. ते नियमांच्या चौकटीत आणि दुसऱ्याच्या इच्छेकडे पाहत घडते. वाङ्मयीन मूल्याविषयी हेच विधान केले तर अनेक समीक्षक दचकतील.

परंतु पडद्यावर अंक हातात घेता येत नाही. मुखपृष्ठाची प्रतिमा दिसते. आत पान फाटले आहे का, टाचणी बदलली आहे का, झिजलेल्या कडेला रंग लावला आहे का, हे दिसत नाही. विक्रेता 'जवळजवळ नवा' म्हणतो, त्यावर विश्वास कसा ठेवायचा? या विश्वासाच्या तुटवड्यातून २००० साली सीजीसी या कंपनीने काम सुरू केले. कंपनीचे तपासनीस अंक पानोपान पाहतात, अर्धा ते दहा या मापावर गुण देतात, पानांचा रंग नोंदवतात आणि अंक पारदर्शक कठीण प्लॅस्टिकच्या वेष्टनात कायमचा बंद करतात. वरच्या पट्टीचा रंगही अर्थपूर्ण असतो : निळा म्हणजे मूळ स्थितीतील, जांभळा म्हणजे दुरुस्त केलेला. वेष्टन फोडले की गुण रद्द.

येथे एक विलक्षण गोष्ट घडते. अंकाचे मोल तो उघडला जाणार नाही या हमीवर उभे राहते. वेष्टनातील अंकाची दोनच पाने दिसतात, मुखपृष्ठ आणि मलपृष्ठ. मधली सारी पाने, म्हणजे कथा, आहेत असे गृहीत धरायचे असते. तपासनीस हाच त्या प्रतीचा अखेरचा वाचक, आणि तोही वाचतो ते कथा नव्हे, तर घड्या, डाग, चिरा. संहितेच्या जागी वस्तू आली, आणि वस्तूच्या जागी अखेर दशांश चिन्हासह एक आकडा आला. ९.४ आणि ९.६ यांतील फरक सामान्य डोळ्याला जाणवणारही नाही, पण किमतीत तो अनेक पटींचा असू शकतो. कोणत्या अंकाच्या, कोणत्या गुणाच्या किती प्रती नोंदल्या गेल्या याची गणनाही कंपनी प्रसिद्ध करते, त्यामुळे 'याहून चांगली प्रत ज्ञात नाही' हे विधान करता येते आणि विकताही येते. २०२३च्या अखेरीस काही वेष्टने न दिसेल अशा रीतीने उघडून आतले अंक बदलले गेल्याचे उघडकीस आले, तेव्हा बाजार हादरला तो एवढ्याचसाठी. कित्येक मालकांना आपल्याकडे नेमके काय आहे हे आपण कधी पाहिलेलेच नाही, याची जाणीव झाली.

आकड्यांचा चढता क्रम थोडक्यात सांगता येईल. फेब्रुवारी २०१०मध्ये 'अ‍ॅक्शन कॉमिक्स'च्या पहिल्या अंकाची एक प्रत 'कॉमिककनेक्ट'मार्फत दहा लाख डॉलरला गेली. काही दिवसांतच बॅटमॅनचे पदार्पण असलेला १९३९चा 'डिटेक्टिव्ह कॉमिक्स'चा सत्ताविसावा अंक 'हेरिटेज'च्या लिलावात त्याहून अधिक किमतीला गेला. अभिनेता निकोलस केज यांच्या घरून २००० साली चोरीस गेलेली आणि २०११मध्ये परत मिळालेली प्रत त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात २१.६ लाखांना विकली गेली. एप्रिल २०२४मध्ये त्याच अंकाच्या आणखी एका प्रतीला साठ लाख डॉलर आले. नोव्हेंबर २०२५मध्ये १९३९च्या 'सुपरमॅन'च्या पहिल्या अंकाची प्रत ९१.२ लाख डॉलरला गेली; आईच्या मृत्यूनंतर घर आवरताना तीन भावांना ती माळ्यावरच्या खोक्यात सापडली होती.

या साऱ्यांत २०१४चा ईबेवरील लिलाव अधिक बोलका आहे. ९.० गुणांची ती प्रत ९९ सेंटपासून बोलीला लावली गेली आणि २४ ऑगस्ट रोजी ३२,०७,८५२ डॉलरला थांबली. मूळ मालकाने ती १९३८मध्ये विक्रीच्या टपरीवरून घेतली होती, आणि नंतर चार दशके ती वेस्ट व्हर्जिनियाच्या डोंगराळ भागात देवदाराच्या पेटीत पडून होती. म्हणजे ज्या राज्यात शाळेच्या आवारात चित्रकथांची होळी झाली, त्याच राज्यात ही प्रत लाकडाच्या अंधारात पांढरी राहिली. लिलावाच्या वर्णनात पानांच्या शुभ्रतेचा गौरव होता. त्या गोष्टीत सुपरमॅन एका निर्दोष स्त्रीचा मृत्युदंड टाळण्यासाठी राज्यपालाच्या घरात घुसतो, पत्नीला मारणाऱ्या नवऱ्याला चोपतो आणि लाचखोर दलालाला विजेच्या तारांवरून पळवतो. महामंदीच्या अखेरीचा तो संतप्त, दांडगट नायक गुणपट्टीवर कोठेच उमटत नाही.

उंबेर्तो एको यांनी १९६२मध्ये सुपरमॅनच्या मिथकावर निबंध लिहिला. त्यांच्या मते कादंबरीचा नायक कृतीगणिक वयाने वाढतो, मृत्यूच्या दिशेने सरकतो. मिथकातला नायक अक्षय असावा लागतो. दर आठवड्याला नवी कथा हवी आणि नायक तर झिजता कामा नये, या पेचातून चित्रकथा काळाचा क्रमच धूसर करून सुटते. एकोंच्या विवेचनात झिजत नाही तो नायक. बाजाराने तीच अपेक्षा कागदावर लादली. वॉल्टर बेन्यामिन यांच्या १९३०च्या दशकातील निबंधाची आठवणही येथे अटळ आहे. यांत्रिक पुनरुत्पादनाने कलाकृतीचे एकमेवत्व, तिचे तेजोवलय लोपते असे त्यांचे प्रतिपादन. यंत्राने दोन लाखांच्या संख्येने छापलेल्या अंकाला हे वलय नव्याने लाभले आहे, असे म्हणून बेन्यामिन खोडून काढण्याचा मोह अनेकांना होतो. तो टाळायला हवा. त्यांच्या मते वलयात वस्तूचा इतिहास सामावलेला असतो. कोणाच्या हातून गेली, काळाने तिच्यावर काय खुणा केल्या. सीजीसीच्या मापात नेमक्या याच खुणा गुण कमी करतात. येथे पूजा आहे ती इतिहास न घडल्याची.

समीक्षेच्या आणि वाचनेतिहासाच्या दृष्टीने खरी हानी येथे आहे. अंकावर मुलाने पेन्सिलीने लिहिलेले नाव, कापून घेतलेले कुपन, दुकानदाराने टाकलेली तारीख, चिकटपट्टीने जोडलेले पान, ही सारी वाचनाची साधने म्हणून अमोल. बाजारात ती व्यंगे. कोणत्या प्रती जपाव्यात हे बाजार ठरवत असल्यामुळे पुढील पिढ्यांसाठी उरणारा संग्रह हा मुख्यतः न वाचलेल्या प्रतींचा असेल, आणि त्यावरून कोणी या साहित्याच्या वाचकाचा शोध घेऊ लागला तर त्याला वाचकच सापडणार नाही. याची दुसरी बाजूही प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. मिशिगन राज्य विद्यापीठासारखे अपवाद वगळता ग्रंथालयांनी हा कागद जपण्यालायक मानला नाही तेव्हा तो संग्राहकांनी जपला, आणि भाव आल्यामुळेच पेट्या उघडल्या गेल्या. अभ्यासकांनी संग्राहकांवर टीका करावी, पण त्यांच्या आधी आपण तेथे नव्हतो हे विसरू नये.

मराठी वाचकाला हा सारा व्यवहार परका वाटण्याचे कारण नाही. टाइम्स ऑफ इंडियाच्या प्रकाशनसंस्थेने मार्च १९६४मध्ये 'इंद्रजाल कॉमिक्स' सुरू केले. ली फॉक यांचा फँटम मराठीत 'वेताळ' होऊन आला आणि १९९०पर्यंत ही मालिका चालली. ते अंक फिरत्या वाचनालयांतून भाड्याने गेले, त्यांवर शिक्के उमटले, सुट्टीत गठ्ठ्याने वाचले गेले आणि शेवटी किलोच्या भावाने रद्दीत पोचले. आज त्यांच्याही जुन्या प्रती इंटरनेटवर नगावर विकल्या जातात. परंतु तेथे घेणारा बहुधा पुन्हा वाचण्यासाठीच घेतो, आणि शिक्का असला तरी अंक पुरा आहे ना, एवढेच विचारतो. रद्दीवाल्याचा काटा आणि सीजीसीचे माप यांत एक साम्य मात्र आहे. दोघांनाही आतल्या मजकुराशी कर्तव्य नसते.

सीगल आणि शूस्टर यांनी १९४७मध्ये हक्कांसाठी दावा लावला आणि तडजोडीच्या रकमेवर तो संपला; त्यांची नावेही कथांवरून काढून टाकण्यात आली. सुपरमॅनचा मोठा चित्रपट तयार होत असताना सीगल यांनी जाहीर तक्रार केली, चित्रकार आणि वृत्तपत्रे त्यांच्या बाजूने उभी राहिली, आणि १९७५च्या अखेरीस कंपनीने दोघांना वर्षाला वीस हजार डॉलर देण्याचे आणि नावे पुन्हा छापण्याचे मान्य केले. शूस्टर १९९२मध्ये वारले, सीगल १९९६मध्ये, म्हणजे ईबेला जेमतेम काही महिने झाले असताना. अंकाच्या विक्रीचा कोणताही वाटा लेखकाकडे जात नाही. जुन्या वस्तूच्या पुनर्विक्रीवर लेखकाचा हक्क अमेरिकी कायद्याला मान्य नाही. लिलावात विकल्या गेलेल्या धनादेशाच्या पाठीवर त्यांच्या हस्ताक्षरातील चार सह्या आहेत. त्या धनादेशाच्या वर्णनात सह्यांचा आणि नावांच्या चुकीचाही उल्लेख आवर्जून होतो, कारण त्यामुळे किंमत वाढते.